देवामध्ये आनंद शिकताना: रोजच्या सरावाच्या काही पायऱ्या

“आहे त्यात समाधान मान.” हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले आहे, पण ते ऐकून कोणाला समाधान मिळालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आपल्या बोलण्यात समाधान ‘मानायचं’ असतं, म्हणजे हवं ते मिळालं नाही की ओठ मिटून गप्प बसायचं. मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, तेच चालतं. कोणी विचारलं की “प्रभूच्या कृपेने बरं आहे” म्हणायचं आणि घरी येऊन छताकडे बघत पडायचं.

फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल याने वापरलेलं क्रियापद वेगळं आहे. ज्या स्थितीत असेन तीत तृप्त राहायला मी ‘शिकलो’, असं तो म्हणतो (४:११). म्हणजे आधी येत नव्हतं. पुढच्याच वचनात त्याने घेतलेला ग्रीक शब्द त्या काळी गूढ पंथांची दीक्षा घेण्यासाठी वापरला जायचा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूचं दर्शन झालेल्या माणसालाही ही गोष्ट आयती मिळाली नाही, याचा मला फार दिलासा वाटतो. आणि हे सगळं तो कैदेतून लिहीत होता.

खालच्या पायऱ्या त्या शिकण्याच्या आहेत. जिना चढून गेलं की पायऱ्या मागे राहतात, इथे तसं होत नाही. दुसऱ्या पायरीवर मी स्वतः वर्षातून तीन-चार वेळा परत येते.

वही उघडण्याआधी

दोन गोष्टी मनातून काढून टाका. पहिली, आनंद म्हणजे कायम हसरा चेहरा. ज्या पत्रात पौल ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ म्हणतो, त्याच पत्रात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला त्याबद्दल लिहिताना, देवाने मला दुःखावर दुःख येऊ दिलं नाही, अशी कबुलीही तो देतो (२:२७). करिंथकरांना तर तो सरळ सांगतो की आम्ही दुःखी आहोत आणि तरी सर्वदा आनंद करतो (२ करिंथ ६:१०). दोन्ही एकाच वेळी. आधी दुःख संपेल, मग आनंद सुरू होईल, अशी वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

दुसरी, आनंद म्हणजे भक्तीवरची सजावट, नसली तरी चालते. १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीत (ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या पुस्तिकेत) एकूण १०७ प्रश्न आहेत आणि पहिलाच प्रश्न माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू विचारतो. उत्तर असं, की देवाचं गौरव करावं आणि सर्वकाळ त्याच्यामध्ये आनंद भोगावा. ती लिहिणारी माणसं कडक शिस्तीची म्हणून ओळखली जाणारी, पण आनंद त्यांनी पहिल्याच उत्तरात घातला.

पायरी १: आनंद कुठे गळतो ते आठवडाभर टिपा

एक साधी वही घ्या. सात दिवस रोज झोपण्याआधी दोनच ओळी लिहायच्या: आज मन कशाने फुललं, आणि कशाने विझलं. आध्यात्मिक उत्तर लिहायचं नाही, खरं लिहायचं. या आठवड्यात स्वतःला सुधारायलाही जाऊ नका, नुसतं बघा.

माझ्या पहिल्या आठवड्यातल्या दोन नोंदी देते. मंगळवार: “सोबत काम करणाऱ्या एकीला बढती. अभिनंदन केलं. नंतर तासभर कामात लक्ष नाही.” गुरुवार: “उपासनेनंतर माझ्या प्रार्थनेचं कोणीतरी कौतुक केलं. झोप छान लागली.” मंगळवारची नोंद वाचून लाज वाटली, पण खरी भीती गुरुवारच्या नोंदीने घातली. मत्सर दिसतो तरी. कौतुकावर पोसलेला आनंद भक्तीच्या वेषात येतो, त्यामुळे वर्षानुवर्षं ओळखू येत नाही.

येशूने पाठवलेले शिष्य सेवेहून परतले तेव्हा आनंदाने नुसते उसळत होते: प्रभू, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात! त्याने त्यांना दटावलं नाही, पण त्यांच्या आनंदाची जागा बदलली. भुतं वश होतात यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना (लूक १०:२०). सेवा उद्या फसू शकते, ते नाव खोडलं जात नाही. तुमच्या सात दिवसांच्या नोंदींपुढे हेच वचन ठेवून बघा. जो आनंद एका फोनने, एका निकालाने, एका माणसाच्या तोंड फिरवण्याने नाहीसा होतो, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक सगळ्याच ओळींखाली रेघ येईल. घाबरू नका, माझंही तेच झालं होतं.

या गोष्टींचा आनंद घेणं पाप आहे असा याचा अर्थ नाही. बढती, कौतुक, चांगली झोप ही देवाचीच दानं. फक्त घराचा सगळा भार त्या खांबावर आहे का, एवढंच तपासायचं आहे.

पायरी २: गाऱ्हाणं आत न ठेवता देवापुढे न्या

आनंदाच्या लेखात गाऱ्हाण्याला इतकी जागा कशासाठी, असं वाटेल. पण माझ्या अनुभवात बहुतेक विश्वासणारे इथेच अडलेले असतात. देवावर आतून रुसलेलं मन त्याच्यामध्ये आनंद करू शकत नाही, आणि आपण रुसलो आहोत हे कबूल करायला ते तयार नसतं. मग प्रार्थना छापील होत जाते.

पवित्र शास्त्रात कुरकुर आणि गाऱ्हाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्राएल लोकांनी आपापल्या डेऱ्यांत बसून कुरकुर केली (बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, १:२७), म्हणजे देवाविषयी बोलले, पण देवाशी बोलले नाहीत. स्तोत्रं रचणारा राजा दावीद मात्र जे काही असेल ते थेट देवाच्या तोंडावर बोलतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र काढून बघा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर शत्रू माझ्यावर वरचढ होईल. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत गाणं. मधल्या काळात परिस्थिती बदलली असं स्तोत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

सराव असा करा. पानाचे तीन भाग पाडा.

पहिल्या भागात चार वेळा ‘कोठवर’ लिहा आणि प्रत्येकापुढे तुमची स्वतःची गोष्ट. सभ्य भाषा शोधत बसू नका. वडिलांच्या आजारपणात मी लिहिलेली एक ओळ अशी होती: “प्रभू, आज अकरावा दिवस. तू ऐकतोस असं मी दुसऱ्यांना सांगते. मला स्वतःला तसं वाटत नाही.” लिहून झाल्यावर आता वीज पडणार असं वाटलं. पडली नाही. उलट कित्येक दिवसांत पहिल्यांदाच खोलीत कोणीतरी ऐकतंय असं जाणवलं, बहुधा पहिल्यांदाच मी खरं बोलत होते म्हणून.

दुसऱ्या भागात एकच स्पष्ट मागणं. “आशीर्वाद दे” असं मोघम नको. “उद्या डॉक्टर बोलतील तेव्हा मला ऐकून घेण्याचं बळ दे” असं.

तिसऱ्या भागात आजवर देवाने केलेल्या, तुम्हाला नाकारता येणार नाही अशा एका गोष्टीची नोंद. दावीदही तेच करतो, शेवटी तो देवाची दया आणि आपल्यावर झालेले उपकार आठवतो. हा भाग कोरा राहिला तर कोरा राहू द्या. ८८वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे.

पापाचाही हिशेब याच पायरीवर होतो. ३२व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. कित्येकदा आनंद हरवण्याचं कारण काही खोल नसतं. एक खोटं बोललेलं असतं, कोणाची तरी क्षमा मागायची राहिलेली असते. ती मागून मोकळं व्हावं, त्याची कारणं शोधत महिने घालवू नयेत.

पायरी ३: सकाळी आधी खा, मग बोला

जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला. १८४१च्या एका नोंदीत त्यांनी लिहिलं आहे की रोजचं माझं पहिलं काम म्हणजे माझा जीव प्रभूमध्ये आनंदी करणं. डोक्यावर इतकी जबाबदारी असलेल्या माणसाने असं म्हणावं! पण मला जास्त उपयोगी पडली ती त्यांची पुढची कबुली. त्याआधी निदान दहा वर्षं ते उठून, कपडे करून लगेच प्रार्थनेला बसत, आणि कधी दहा मिनिटं, कधी पाव तास, कधी अर्धा तास मन भटकत राही. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी वचन वाचायचं, त्यावर मनन करायचं, आणि त्यातून आपोआप निघेल ती प्रार्थना करायची.

करून बघण्यासारखी गोष्ट आहे. वीस मिनिटं पुरतात:

एखादं स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) एक प्रसंग घ्या. सावकाश दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून. मग एकच प्रश्न: यात देव कसा दिसतो? “मी काय करायला हवं” हा प्रश्न आधी विचारू नका. तो आला की वाचनाचं कर्तव्य होतं आणि नजर पुन्हा स्वतःकडे वळते. जे दिसलं ते एका वाक्यात देवालाच सांगा. “तू हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवतोस.” मग त्या वाक्यावरूनच मागा, आभार माना, कबुली द्या.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल फोनवर वाचत असाल तर निदान या वेळेपुरतं छापील घ्या. यावर आणखी बोलायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ४: मनाचं ऐकत बसू नका, त्याला बोला

४२ आणि ४३ या दोन स्तोत्रांत मिळून एक ओळ तीनदा येते: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. स्तोत्रकर्ता इथे कोणाशी बोलतो आहे? स्वतःशी. आणि तीनदा, कारण एकदा सांगून मन ऐकत नाही. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर लगेच तो पुन्हा आपली बाजू मांडायला लागतो, मग तिसऱ्यांदा म्हणावं लागतं.

आपण दिवसभर मनाचं भाषण ऐकत असतो: झालं, आता काही खरं नाही, तुलाच नेहमी असं, बाकीचे बघ. त्याला मध्येच थांबवून उत्तर देण्यासाठी हाताशी तयार वचन लागतं. महिन्याला एक वचन पाठ करा, जास्त नको. आणि ते मनातल्या मनात न म्हणता आवाज काढून म्हणा. रिकाम्या घरात विचित्र वाटतं, चार दिवसांत सवय होते.

पायरी ५: कालच्या दिवशी लिहिता आली नसती अशी उपकारस्तुती

उपकारस्तुतीची वही अनेकजण सुरू करतात आणि दहाव्या दिवशी सोडतात. कारण पहिल्या दिवशी कुटुंब, आरोग्य, घर लिहितात, दुसऱ्या दिवशी घर, कुटुंब, आरोग्य. स्वतःला एक नियम घालून घ्या: आजची नोंद अशी हवी की ती काल लिहिता आलीच नसती. मग डोळे कामाला लागतात. माझ्या वहीतली मला सर्वांत आवडणारी नोंद आहे, “आज आईने फोनवर माझं बोलणं मध्येच तोडलं नाही.”

आणखी एक बारीक गोष्ट. नोंद वस्तूपाशी संपवू नका, देणाऱ्यापर्यंत न्या. “पाऊस थांबला” एवढं लिहिलं तर ती दैनंदिनी. “पाऊस थांबला, मी भिजू नये याची तुला काळजी” असं लिहिताना थोडं पोरकट वाटतं, पण आनंद दानातून दात्याकडे वळतो तो याच अर्ध्या वाक्यात.

पायरी ६: ‘पुरे’ म्हणायला शिका

‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्व काही करायला शक्तिमान आहे’ हे वचन (फिलिप्पै ४:१३) परीक्षेच्या आदल्या दिवशी भिंतीवर चिकटवलं जातं. तिथे पौल यशाबद्दल बोलतच नाही. आधीच्या ओळीत भूक आणि भरलेलं पोट, विपुलता आणि टंचाई आहे. दोन्ही निभावण्याचं सामर्थ्य, असा त्याचा अर्थ. भरलेलं पोट निभावायलाही सामर्थ्य लागतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. ‘तृप्त’ या जागी त्याने घेतलेला मूळ शब्द स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा आवडता होता: कशाचीही गरज नसलेला, स्वतःमध्ये पुरा असलेला माणूस. पौल शब्द त्यांचा घेतो आणि पुरेपणा मात्र स्वतःबाहेर, ख्रिस्तामध्ये ठेवतो. म्हणून ख्रिस्ती समाधान म्हणजे इच्छा मारणं नाही. ६३व्या स्तोत्रातला दावीद रुक्ष भूमीत तहानलेलाच आहे, फक्त आपली तहान कशाची आहे हे त्याला कळलेलं आहे.

दोन सराव. पहिला मान्नाचा, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाचा (निर्गम १६). लोकांना रोज त्या दिवसापुरतं मिळायचं, आणि उद्यासाठी साठवलं त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचं तेवढं टिकायचं. रात्री झोपताना विचारा: आजच्या दिवसाला लागणारं आज मिळालं का? आजच्याच दिवसाला. उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं, आणि काळजी बहुतेक वेळा येत्या वर्षाची असते.

दुसरा सराव तुलनेवर. ७३व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ सुखवस्तू दुष्टांकडे बघून जवळजवळ घसरतो. वळण १७व्या वचनात येतं, तो देवाच्या पवित्रस्थानात जातो तेव्हा. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घेऊन आठवडाभर रोज त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पहिले तीन दिवस प्रार्थना खोटी वाटेल. तरी करा. आणि महिन्यातून एकदा, टोचेल इतकी रक्कम गुपचूप कोणाला तरी द्या. माझ्यापुरतं सांगायचं तर लोभावर याहून लवकर लागू पडलेलं औषध मला सापडलेलं नाही.

पायरी ७: एकट्याने करू नका

‘सर्वदा आनंद करा’ (फिलिप्पै ४:४) या आज्ञेच्या दोनच वचनं आधी काय आहे? युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं भांडण. पौल दोघींची नावं घेऊन त्यांना एकमनाची होण्याची विनंती करतो आणि मग आनंदाकडे वळतो. मंडळीत कोणाशी अबोला असेल तर तो मिटवणं हा आनंदाच्या सरावाचाच भाग आहे. आठवड्यातून एकदा एका माणसाला तुमची खरी अवस्था सांगा, आणि उपासनेत मन नसलं तरी गा. आपला विश्वास थकतो तेव्हा शेजारचा आवाज थोडा वेळ आपलं ओझं वाहतो.

काहीच वाटत नसेल तेव्हा

कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा एलीया लगेचच रानात झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोप मिळते, देवदूत त्याला उठवून खायला-प्यायला देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. प्रश्न विचारला जातो तो चाळीस दिवसांनंतर. तेव्हा महिनोन्‌महिने झोप नीट नसेल तर वहीच्या आधी झोप. आणि उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कोणा जवळच्या माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास कमी पडत नाही. “प्रार्थना वाढव म्हणजे बरं वाटेल” असं अशा माणसाला सांगणाऱ्यांनी एलीयाची गोष्ट पुन्हा वाचावी.

पायरी ८: तुमचं स्वतःचं ‘तरी’

ही पायरी घाईने घेऊ नका, आधीच्या निदान दोन-तीन महिने चालल्यावर घ्या. संदेष्टा हबक्कूक याचं पुस्तक तीन अध्यायांचं. सुरुवात ‘कोठवर’ या गाऱ्हाण्याने आणि शेवट गाण्याने. गाण्याआधी तो सहा गोष्टी मोजतो: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतांत पीक नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. ही काही अलंकारिक भाषा नाही. शेतीवर जगणाऱ्या माणसाची ती सगळी मालमत्ता आहे, एकेक करून गेलेली. आणि मग: तरी मी परमेश्वरामध्ये उल्लास करीन (३:१७–१८).

तुमच्या सहा ओळी लिहा. अंजीर आणि मेंढरांच्या जागी तुमचं जे काही असेल ते: काम, तब्येत, एखादं नातं, मूल, नाव. प्रत्येक ओळ “जरी... नसलं” अशी. खाली ‘तरी’ लिहा आणि थांबा. पुढचं वाक्य मनापासून येत नसेल तर लिहू नका. जी ओळ लिहिताना हात अडेल तिच्यापुढे तारीख टाका आणि दुसऱ्या पायरीवर परत जा, गाऱ्हाण्याच्या पानावर.

माझ्या वहीत त्या पानावर सध्या पाच ओळी आहेत. चौथी लिहायला आठ महिने लागले. सहाव्या ओळीपुढे नुसती तारीख आहे.